विजयमालाबाईंचा चेहरा

रिसोडच्या एका सोनोग्राफी केंद्रात विजयमालाबाई बरीच वर्षं दाराशी बसतात. नाव लिहायचं, पाणी प्यायला लावायचं, आत सोडायचं, रिपोर्ट हाती द्यायचा. काम एवढंच. त्या कामासाठी लागणारा चेहरा मात्र त्यांना कमवावा लागला.

भिंतीवर ‘येथे गर्भलिंग निदान केले जात नाही’ अशी पाटी आहे. ती सगळे वाचतात, विश्वास कुणी ठेवत नाही. मुलगा की मुलगी हे सांगणं गुन्हा आहे, म्हणजे ते खुणेनं सांगत असणारच, असा आसपासच्या गावांचा पक्का समज. सुरुवातीला बाईंनी एकीला हसून ‘सावकाश जा’ म्हटलं, तर त्या घरी मुलाचं नाव ठरलं. दुसरीला रिपोर्ट देताना शिंक आली, तर तिची सासू जेवली नाही. तेव्हापासून बाई हसत नाहीत, शिंकायला मागच्या खोलीत जातात आणि सगळ्यांना एकाच सुरात सांगतात, “डॉक्टरांनी सांगितलं तसं करा.” लोक त्यांना खडूस म्हणतात. बाईंना ती बढती वाटते.

दुर्गाबाई सून पल्लवीला घेऊन आल्या, तेव्हा पल्लवीला आठवा महिना होता. दुर्गाबाईंना चार मुलगे, मोठ्या तिघांचे मिळून पाच नातू. त्यांना नात हवी होती, आणि हे त्यांनी आत शिरताच डॉक्टर वैभवींना सांगून टाकलं.

डॉक्टरांनी तपासलं, पुन्हा तपासलं, मग दोघींना समोर बसवलं. बाळाला रक्त पुरवणारी वार खाली, गर्भपिशवीच्या तोंडावरच चिकटली आहे. घरी बाळंतपण करायचं नाही. पुढच्या महिन्यात परत दाखवायचं. मध्येच रक्त दिसलं, तर कळा नसल्या तरी सरळ वाशिमचा दवाखाना गाठायचा. हे सांगताना डॉक्टरांचा चेहरा गंभीर झाला होता. दुर्गाबाईंनी मान डोलावली. बँकेतल्या साहेबापुढे डोलावतात तशी.

बाहेर पल्लवीचा नवरा संघदीप जीप घेऊन उभा होता. खिडकीतून विजयमालाबाईंना सगळं ऐकू येत होतं.

“पोरगंच हाय,” जीपमध्ये बसत दुर्गाबाई म्हणाल्या. “मले नात पाह्यजे म्हटल्यावर मॅडमचं तोंड कसं उतरलं, पाह्यलं ना?”

“आत्याबाई, त्या वारेचं सांगत होत्या,” पल्लवी म्हणाली.

“वार साऱ्यायलेच असते. भेव दावून राह्यली ते. काही मोठं असतं त दारावरच्या बाईचं तोंड बदललं असतं. मी नीट पाह्यलं. दगड. आता इथं परत याचं काम नाई. गावात सोनीबाई हाय, माह्ये चारही तिनंच काढले.”

पल्लवीचा रिपोर्ट हाती देण्याआधी विजयमालाबाईंनी वाचला होता. बाळाचं गुपित राखायला कमावलेल्या चेहऱ्यानं आईचा जीवघेणा धोकाही झाकून टाकला होता. त्या उठल्या आणि जीपपाशी गेल्या. कामाच्या वेळात त्यांना खुर्ची सोडताना कुणी पाहिलं नव्हतं. रांगेतल्या बायांनी यातूनही काही अर्थ काढलाच असेल.

“मावशी, खाली उतरा.”

“काहून?”

“घरी सोयाबीन कुठं ठेवता?”

“खोलीत. त्याचं काय?”

“तिले दारं किती?”

“एकच.”

“त्या दारातच भरलेलं पोतं आडवं हाय, आन् तुमी आत. कशा याल बाहेर?”

“सरकवीन.”

“सरकत नाई. भिंतीले चिकटलेलं हाय. फाडूनच या लागन.”

दुर्गाबाईंनी विचार केला. “मंग सारी सोयाबीन सांडन.”

“सोयाबीन नाई, मावशी. हिचं रक्त सांडन. कळा याच्या आधीच सांडू शकते. सोनीबाईपाशी भरून द्याले रक्त हाय का?”

दुर्गाबाईंनी त्यांच्याकडे निरखून पाहिलं. त्या चेहऱ्यावर भीती होती, साधी, कुणालाही वाचता येईल अशी. दुर्गाबाईंचा आवाज खाली आला.

“मंग लेकराले काढाचं कुठून?”

“भिंतीतून. वाशिमले ऑपरेशन करतात. भिंत परत शिवूनही देतात.”

“आन् पोरगं का पोरगी?”

चेहरा जागेवर गेला. “डॉक्टरांनी सांगितलं तसं करा.”

महिना भरायच्या आत एका दुपारी केंद्रातला फोन वाजला.

“बाई, वाशिमवरून बोलून राह्यली,” पलीकडून दुर्गाबाई म्हणाल्या. “पोरगंच झालं. म्हटलं नवतं मी?”

“पल्लवी कशी हाय?”

“बरी हाय. रक्त द्या लागलं, पण आता बोलून राह्यली. लेकरू लहान हाय, काचेच्या पेटीत ठेवलं, पण रडते मोठ्यानं. सकाळी एकदमच रक्त दिसलं, दुखत काईच नवतं. साऱ्या बाया जमल्या. सोनीबाई म्हणे, कळा येऊ दे, घाई कायची? मी म्हटलं, दारात पोतं आडवं हाय. कोनालेच समजलं नाई.”

“मंग?”

“मंग काय? समजावत नाई बसली. पल्लवीले घेऊन जीपमधी बसली.”