गच्चीवरच्या उन्हाची वाटणी

आमच्या घरात एक आवाज कायम असतो. बाबांच्या खाटेजवळ ऑक्सिजनचं यंत्र आहे. ते खोलीतल्या हवेतूनच ऑक्सिजन वेगळा काढतं आणि नळीवाटे त्यांच्या नाकात सोडतं, आणि हे करताना एकसारखं घुमत राहतं. बाबांची सगळी नोकरी संरक्षण कारखान्यात गेली. निवृत्तीनंतर छाती हळूहळू थकत गेली. पहिल्या काही दिवसांत त्या घुमण्याने मला झोप लागत नसे. आता त्याच्याशिवाय लागत नाही. सकाळी नेपियर टाउनमध्ये गणिताचा क्लास घेऊन मी घरी येते, जेवते, त्यांच्या खाटेशेजारी चटई टाकते आणि तो आवाज पांघरून पडते.

शहराच्या गढा भागातल्या आमच्या गल्लीत वीज जायला कारण लागत नसे. वारा सुटला की जायची, वारा पडला की दुरुस्तीसाठी जायची. मे महिन्यात दुपारी घरोघरचे कूलर सुरू झाले की हमखास जायची. यंत्र थांबलं की बाबा डोळे उघडून विचारायचे, "गेली?" मग आई आणि मी कोपऱ्यातला ऑक्सिजनचा सिलिंडर जोडायचो. तो संपत आला की ऑटोत घालून शहरातल्याच गोरखपूर बाजारात भरायला न्यायचा. बरगीचं धरण इतकं जवळ की आम्ही डबा घेऊन सहलीला जातो, तिथली वीज कुठेकुठे पोहोचते, आणि इथे मी वर्तमानपत्राने वडिलांना वारा घालत बसलेली. माझं डोकं तापायचं.

अशाच एका दुपारी चिडून गच्चीवर गेले ती अनवाणी. पाय असे भाजले की नाचतच भिंतीच्या सावलीत पळाले. तिथून ती गच्ची पाहत राहिले. पांढरंशुभ्र ऊन नुसतं पडून होतं. त्याच्यापायीच कूलर लागत होते, कूलरपायी वीज जात होती, आणि ते स्वतः मात्र कुठेही जात नव्हतं. मला गुंगी आल्यासारखं झालं. आपण घागर भरून विहिरीच्या काठावर तहानलेले बसलोय, असं काहीतरी वाटलं.

सोलर पॅनेल आणि बॅटरी बसवायची हे मी त्याच संध्याकाळी सांगून टाकलं. बाबांनी मान हलवली. आईने नाही.

आमची गच्ची ही गल्लीतल्या मराठी बायकांची गच्ची आहे. तिच्यावर कुठल्याच झाडाची सावली पडत नाही, म्हणून नागपूर-अमरावतीकडून आलेल्या सगळ्या घरांच्या कुरडया उन्हाळ्यात आमच्याकडे होतात. प्रत्येकीचा वार ठरलेला. गहू भिजवून, वाटून, त्याचा चीक काढायचा, तो पहाटे शिजवायचा आणि गरम असतानाच सोऱ्यातून ओल्या धोतरावर वेटोळी पाडायची. या कारभाराची मालकीण आई. कारखान्याच्या क्वार्टरमधून या घरात येताना तिने खोल्या पाहिल्या नव्हत्या म्हणे, आधी वर जाऊन ऊन पाहिलं होतं.

"माझं ऊन काहून घेऊन राहिली तू?" ती म्हणाली. "तुझ्या मशीनीले दुसरी जागा नाही का?"

तिचा राग खोटा नव्हता. त्या गच्चीखेरीज तिचं स्वतःचं असं या शहरात फारसं काही नव्हतं. बरेच दिवस धुसफूस झाली आणि शेवटी अर्धी गच्ची पॅनेलला, अर्धी कुरडयांना, अशी वाटणी ठरली. कंबरेएवढ्या उंचीच्या लोखंडी चौकटीवर निळ्याकाळ्या काचा बसल्या.

त्यानंतर पहिल्यांदा वीज गेली ती दुपार मला अजून आठवते. गल्लीतले कूलर एकदम गप्प झाले. कुठेतरी कपबशी वाजली, ती थेट ऐकू आली. बाबांनी डोळे उघडले. "गेली?"

"गेली," मी म्हणाले.

यंत्र घुमत होतं. पंखा फिरत होता. बाबांनी थोडा वेळ पंख्याकडे पाहिलं आणि पुन्हा डोळे मिटले. मला रडू आलं, आणि ते आलं म्हणून बरंही वाटलं. बाहेर रणरणत होतं आणि तेच ऊन माझ्या वडिलांच्या नाकापर्यंत येऊन पोहोचत होतं.

पुढे पुढे वीज गेलेली आम्हाला कळेनाच. शेजारी फोन चार्ज करायला आले की समजायचं. सिलिंडर कोपऱ्यात उभा राहिला आणि आई त्याच्यावर भाजीची पिशवी अडकवू लागली.

मागच्या उन्हाळ्यात कुरडयांचा घाट मोठा होता. गल्लीत एकीच्या मुलीचं लग्न, तिचंही सगळं आमच्याकडेच. अर्ध्या गच्चीत ते मावेना. आणि समोर त्या काचा, पुसलेल्या, तापलेल्या, उन्हाकडे तोंड करून ठेवलेल्या. धूळ नाही, मुंग्या नाहीत. आईने ओली धोतरं कुरडयांसकट उचलली आणि पॅनेलवर अंथरली. बायकांनी तिचं कौतुक केलं. हे आधी कसं सुचलं नाही, असं एक जण म्हणाली.

वीज सकाळीच गेली होती. कोणालाच पत्ता नव्हता. मी क्लासहून आले, जेवले, आडवी झाले.

स्वप्नात मी नर्मदेत नावेत होते. मोटर घुमत होती, पाणी हिरवं आणि जड होतं, बाबा पुढे पाठमोरे बसले होते. काठावरून कोणीतरी बारीक शीळ घालत होतं, थांबत होतं, पुन्हा घालत होतं. मला वळून पाहायचा कंटाळा आला होता. मग मोटर थांबली. नाव मधोमध तशीच उभी राहिली आणि बाबांनी मागे वळून पाहिलं.

मी जागी झाले. खोलीत सोलरच्या बॅटरीचा इन्व्हर्टर टीं टीं करत होता, यंत्र बंद पडलं होतं आणि बाबांचे ओठ निळसर झाले होते. ते काही विचारत नव्हते. पिशवी फेकून मी सिलिंडर जोडला. काटा जवळजवळ शून्यावर होता, तळाशी थोडाच ऑक्सिजन उरला होता. एवढं ऊन असताना बॅटरी रिकामी कशी, हे मला कळेना. "आई, वर काय झालं?" मी ओरडले.

आई दारात उभी होती. तिचा चेहरा पांढरा पडला. ती वळली आणि आपल्या दुखऱ्या गुडघ्यांनी जिना कसा चढली देव जाणे. वरून धोतरं ओढल्याचा आवाज आला, मग ओल्या कुरडया जमिनीवर पडल्याचा. लग्नघरच्यासुद्धा. तिने एकही वाचवली नाही.

सिलिंडर सरेपर्यंत काचांवर ऊन पडलं होतं. यंत्र आधी खाकरलं, मग घुमू लागलं. बाबांच्या ओठांवर रंग येईपर्यंत आई खाटेच्या कडेला बसून होती. हाताला चीक वाळून चिकटला होता.

"तुमचं ऊन झाकलं जी मी," ती म्हणाली.

बाबांना बोलायला दम पुरत नव्हता. त्यांनी तिचा हात धरला आणि बोटांवरचा चीक हळूहळू खरवडत बसले.

यंदाही कुरडया झाल्या, अर्ध्या गच्चीत मावल्या तेवढ्याच. सिलिंडर भरलेला आहे, त्याच्यावर पिशवी नसते. आणि रोज सकाळी चीक शिजवण्याच्याही आधी आई ओलं फडकं घेऊन वर जाते. काचा पुसताना ती मुद्दाम वळसा घालून पलीकडच्या बाजूला उभी राहते. तिची सावली त्यांच्यावर पडू नये म्हणून.