स्वयंपाकघराच्या दाराचा फळा

“बाईचं नाव मजलिशीत कशाला घ्यायचं? ‘यांच्या घरून’ म्हणा. खलास.”

हे मी चटईच्या आडोशामागून ऐकलं. नव्या कॉलेजच्या व्हरांड्यात बायकांना बसण्यासाठी तो आडोसा बांधला होता, आणि मी सगळ्यांच्या आधी येऊन तिथे सतरंज्या सरळ करत होते. पलीकडे कमिटीचे सेक्रेटरी आणि कमिटीचे अध्यक्ष उभे होते. अध्यक्षांना सगळे शेठ म्हणत.

“पण शिकवलं तर तिनेच ना?” शेठनी विचारलं.

“शेठ, रेकॉर्डमध्ये काय आहे ते बघायचं. घरात कोण शिकवत होतं, ते घरातलं मॅटर.”

शेठ म्हणाले, “बघा बाबा, तुम्ही शिकलेले.”

ती बाई म्हणजे माझी खाला, आईची धाकटी बहीण. तासाभराने इमारतीचं उद्घाटन होतं. पाहुणे येणार होते, एक इंग्रज अधिकारी आणि ज्यांनी जमीन दिली ते अरब व्यापारी. त्यांच्यासमोर कॉलेजचा इतिहास इंग्रजीत वाचायचा होता. तो मी लिहिला होता आणि वाचणारही मीच होते, कारण मुंबईच्या इंग्रजी शाळेत शिकलेली आमच्या लोकांत मी एकटीच. आमचे लोक म्हणजे रत्नागिरी आणि कुलाबा जिल्ह्याच्या किनाऱ्यावरून दुबईला येऊन राहिलेली मुसलमान कुटुंबं. मी चारचौघांत दोन वाक्यं धड बोलत नसे. पण कागद हातात असला की वाचता यायचं, कारण ते शब्द आधीच ठरलेले असतात.

मी लिहिलेल्या इतिहासात खाला पहिल्याच ओळीत होती.

माझी आई लवकर गेली. वडिलांनी मुंबईचं काम सोडून इथे एका गोदामात नोकरी धरली आणि मॅट्रिक झाल्यावर मला बोलावून खालाच्या घरी ठेवलं. तेव्हा इथे मॅट्रिकच्या पुढे काही नव्हतं. मुलगे बोटीने मुंबईला जायचे आणि मुली घरी बसायच्या. मी दोन महिने बसले. खाला रोज मासे साफ करताना माझ्याकडे बघायची. एक दिवस ती म्हणाली, “तू काय गो, अशी भिंतीला टेकूनच म्हातारी होणार?”

खाला लग्नाआधी मुंबईत इंटर, म्हणजे मॅट्रिकनंतरची दोन वर्षं, पास झाली होती. तिच्या गावात तेवढं शिकलेली दुसरी बाई नव्हती. लग्नानंतर त्या शिक्षणाचा उपयोग दुकानदाराची चिठ्ठी वाचण्यापुरता उरला होता. तिने पेटीतून तर्कशास्त्राचं जुनं पुस्तक काढलं. त्याला कापराचा वास येत होता. शेजारच्या घरातली एक मुलगी आली, पलीकडच्या गल्लीतले दोन भाऊ आले. आम्ही चौघं झालो, आणि तेच कॉलेज.

घर खाडीपासून चार गल्ल्या आत होतं. समुद्रातल्या दगडाच्या भिंती, मध्ये वाळूचं अंगण, अंगणात एक बोरीचं झाड. पुढच्या बैठकीच्या खोलीवर वारा खाली ओढणारा मनोरा होता, तिथे आमचा वर्ग भरायचा. सकाळच्या नमाजानंतर सुरू व्हायचा आणि दहाला सुटायचा. नंतर मनोऱ्यातून येणारा वारासुद्धा चटका द्यायचा. गोडं पाणी गाढवावरच्या डब्यांतून यायचं आणि वर्गात कुणी दुसऱ्यांदा पाणी मागितलं की खाला पुस्तकातून नजर न काढता म्हणायची, “तहान लागलीय की उत्तर येत नाही?”

फळा नव्हता. खालाने स्वयंपाकघराचं दार बिजागऱ्यांवरून उतरवलं आणि गोदीत लाँचच्या तळाला लावतात तो काळा रंग त्याला फासला. स्वयंपाकघराला पडदा लागला. दाराची कडी मात्र निघाली नाही. त्यामुळे तिचं प्रत्येक वाक्य कडीपाशी येऊन थांबायचं आणि तिला वळसा घालून पुढे जायचं. “सगळ्या सुरमया मासे आहेत,” कडी, “पण सगळे मासे सुरमई नाहीत.” तर्कशास्त्र मला असं समजलं. शाळेत सात वर्षं इंग्रजीतून शिकून जे समजलं नव्हतं ते एका दारावर समजलं, हे कुणाला सांगायची मला तेव्हा लाज वाटायची.

खालू, म्हणजे खालाचे यजमान, मालवाहू जहाजावर इंजिनात काम करायचे. वर्षातले आठ-नऊ महिने समुद्रावर. सुट्टीवर आले की बैठकीची खोली त्यांची, आणि आमचा वर्ग बोरीखाली वाळूत. आतून रेडिओ मोठ्याने लागायचा. कधी ते दारात येऊन म्हणायचे, “तुमचं कॉलेज अर्धा तास बंद ठेवा, मला झोपायचंय.” खाला खूण करायची आणि आम्ही कुजबुजत वाचायचो. ते वाईट नव्हते. पण कॉलेजशी त्यांचा संबंध एवढाच.

इंटरची परीक्षा मुंबईला असायची. बाहेरून बसता यायचं, पण अर्जावर शिकवणाऱ्याचं नाव आणि सही लागे. पहिल्या वर्षी अर्ज आले तेव्हा खालाने ते माझ्यापुढे ठेवले. “तुझं अक्षर चांगलं. भर.”

शिकवणाऱ्याच्या रकान्यात मी तिचं नाव लिहायला घेतलं, तर तिने माझा हात धरला.

“माझं नको. खालूंचं घाल.”

“पण ते तर शिकवत नाहीत.”

“घर त्यांच्या नावावर, मग घरातला वर्ग माझ्या नावावर कसा?” तिला यात काही विचित्र वाटत नव्हतं. तिच्या गावच्या जमातीच्या, म्हणजे मशिदीच्या पंचमंडळींच्या, वहीत बाईचं नाव कधीच आलं नव्हतं. तिच्या आईने मशिदीला तांब्याचा हंडा दिला, तर वहीत नाव चढलं खालाच्या चार वर्षांच्या भावाचं. हे ती हसत सांगायची. ते नाव आजही तिथे आहे म्हणे.

खालू तेव्हा बसऱ्याच्या बाजूला कुठेतरी होते. त्यांची सही त्यांच्या पत्रांवर होती, शेवटच्या अक्षराला लांब शेपूट असलेली. मी ती दोन-तीन वेळा गिरवली आणि मग अर्जावर केली. मला ती चांगली जमली, याचा त्या वेळी थोडा अभिमानही वाटला. नंतर सवय झाली. हजेरीच्या वहीवर त्यांचं नाव, दर महिन्याच्या शेवटी त्यांची सही, मुंबईला जाणाऱ्या प्रत्येक पत्राखाली त्यांची सही. तीन वर्षं. सगळी माझ्या हातची.

आम्ही चौघं पास झालो. मग लोकांना कॉलेज दिसायला लागलं. चाराचे अकरा झाले, अकराचे वीस. जमातीत बोलणं निघालं, कमिटी बसली. तिच्यात सगळे पुरुष होते, आणि त्यांतल्या एकानेही तोवर आमच्या अंगणात पाऊल ठेवलं नव्हतं. सेक्रेटरी मुरुडकडचे, बोटीच्या कंपनीत हेडक्लार्क. पाटीवर ‘ज्युनियर’ हा शब्द त्यांनी घालायला लावला, कारण नुसतं कॉलेज लिहिलं तर कुणाची तरी परवानगी लागेल अशी त्यांना भीती होती. रुपये जाऊन रियाल आले त्याच्या पुढच्या वर्षी इमारत उभी राहिली. सिमेंटच्या विटांच्या चार खोल्या, वर पत्रा, भोवती नुसती वाळू. कुंपणाच्या कडेने कडुनिंबाची रोपं लावली होती. उद्घाटनापर्यंत त्यांतली दोनच जगली.

शिक्षकांना बी.ए.ची अट लागली. पण कमिटीने ठरावात एक ओळ घातली होती, की ज्यांनी पहिल्यापासून शिकवलं त्यांना ही अट नाही. ती ओळ ऐकल्यापासून खाला वेगळीच चालायला लागली होती. इमारत अर्धी असतानाच तिने तिसरी खोली पसंत केली, खाडीकडून वारा येणारी. सुताराला सांगून फळ्याचा खिळा आपल्या उंचीला ठोकून घेतला. सगळं त्या ओळीवर होतं, आणि ती ओळ होती इतिहासावर. पहिल्यापासून कुणी शिकवलं, हे इतिहासात जे लिहिलं जाईल तेच कमिटी धरणार होती. म्हणून मी तिला पहिल्या ओळीत घातलं. या वेळी मी तिला विचारलं नाही.

आडोशापलीकडचं बोलणं संपल्यावर सेक्रेटरींनी मला हाक मारली आणि टाइप केलेले कागद हातात दिले. “यल्ला बेटी, चल, एकदा नजर टाक. थोडं करेक्शन केलंय.”

खाला कुठेच नव्हती. खालूंनी आपल्या घरी वर्ग सुरू केले, असं होतं. तिच्या जागी ‘त्यांच्या घरून मिळालेलं सहकार्य’ एवढं होतं.

मी म्हणाले, “सर, दिस इज नॉट करेक्ट.” मराठीत भांडायला मला शब्द सुचत नसत, आणि इंग्रजीत भांडण मी कधी केलं नव्हतं.

ते चिडले नाहीत. त्यांनी कपाटातून हजेरीच्या तिन्ही वह्या आणि अर्जांच्या नकला काढल्या आणि माझ्यासमोर उघडून ठेवल्या. “ही सही कुणाची? ही? आणि ही? मी वाटेल ते लिहीन काय? उद्या मुंबईने विचारलं, की शिकवणारा एक आणि सही करणारा दुसरा, तर तुमच्या सगळ्यांच्या निकालाचं काय होईल? तुला बी.ए.ला ॲडमिशन मिळालीय ना?”

मिळाली होती. पुढच्या महिन्यात माझी बोट होती.

मी त्या सह्यांकडे बघितलं. शेपूट प्रत्येक ठिकाणी सारखं आलं होतं. “ओके,” मी म्हणाले.

पाहुणे आले. खालू याही वेळी समुद्रावर होते. खाला आली ती पांढरी चादर पांघरून, हातात कापडी पिशवी. पिशवीत काय होतं ते मला ठाऊक होतं. खडू, पुसायचं फडकं आणि कापराच्या वासाचं ते पुस्तक. दुसऱ्या दिवसापासून वर्ग सुरू होणार होते, तिला सामान आजच खोलीत ठेवायचं होतं.

ऑफिसात गेल्यावर आम्हाला आमचा फळा दिसला. आदल्याच दिवशी एक माणूस घरी येऊन तो मागून घेऊन गेला होता आणि खालाला वाटलं होतं की तिसऱ्या खोलीसाठी नेला. तो भिंतीवर टांगला होता, कडीसकट आणि खालाच्या खडूच्या ओळींसकट. कडीला कुणीतरी पॉलिश केलं होतं. खाली छोटी पितळी पाटी, त्यावर ‘संस्थापकांच्या घरचा पहिला फळा’, आणि संस्थापक म्हणून खालूंचं नाव. खालाने ती वाचली. मग दारावरून हात फिरवला आणि म्हणाली, “पुसून तरी लावायचा.”

मी इतिहास वाचला. उभी राहिले आणि टाइप केलेला शब्दन् शब्द वाचला. आवाज कापला नाही. माझी शाळा मला तेवढं शिकवून गेली होती. इंग्रज अधिकाऱ्याने मान डोलावली, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आडोशामागून खालाच्या टाळ्या मला वेगळ्या ऐकू आल्या. तिला इंग्रजी सगळं समजत होतं. मी तिच्याजवळ जाऊन बसले तेव्हा ती म्हणाली, “उच्चार स्वच्छ होते गो तुझे.”

तिने आणखी काहीतरी बोलावं म्हणून मी थांबले. ती पिशवीचे बंद बोटाला गुंडाळत बसली.

चहा सुरू झाला तेव्हा सेक्रेटरी शेठना घेऊन आडोशापाशी आले. त्यांच्या हातात किल्ल्यांचा जुडगा होता. “भाभी, तुमच्यासाठी पण काम काढलंय. मुलींच्या खोलीकडे बघायचं. माठ भरलेत का, चटया झाडल्यात का, कोण येतं, कोण जातं. घरचंच माणूस हवं अशा जागेला. पगार पण देऊ, इन्शाल्ला.”

शेठ जमिनीकडे बघत होते.

“आणि तिसरी खोली?” खालाने विचारलं.

“तिथे मुंबईहून सर येतायत. डबल ग्रॅज्युएट.”

खालाने पिशवी डाव्या हातात घेतली आणि किल्ल्यांसाठी उजवा हात पुढे केला. “बरं,” म्हणाली.

पुढे काही बदललं नाही, हे इथेच सांगते. मुंबईने कधी काही विचारलं नाही. मी बी.ए. झाले. तिसऱ्या खोलीत खालाने एक दिवसही शिकवलं नाही. किल्ल्याही तिने चार महिन्यांनी परत केल्या. त्या दिवशी मला यातलं काही माहीत नव्हतं. मला फक्त तो पुढे केलेला हात दिसत होता, ज्याच्या नखांच्या कडेला खडू कायमचा बसला होता.

“बेटी, रीडिंग एकदम फर्स्ट क्लास,” सेक्रेटरी माझ्याकडे वळून म्हणाले.

मी उठून आडोशाच्या बाहेर आले. चहा पिणारे पुरुष बघायला लागले. खालाने मागून माझी ओढणी धरली. आणि मी मराठीत, वाचताना होता त्याच्याहून मोठ्या आवाजात म्हणाले,

“त्या सह्या माझ्या आहेत. तिन्ही वर्षांच्या, सगळ्या. खालू तेव्हा जहाजावर होते. शिकवलं हिने, आणि मी आत्ता वाचलं ते खोटं आहे.”