आठव्या खुर्चीतला माणूस

ती दुपार विसरावी असं मला पुष्कळदा वाटलं, पण आजही ती जशीच्या तशी डोळ्यांपुढे येते. नोव्हेंबर होता आणि सकाळपासून धुकं उठलंच नव्हतं. माझी नेमणूक तेव्हा फ्रँकफर्टपासून तासाभरावरच्या एका छोट्या गावात होती. गरम पाण्याचे झरे, जुनी बाग आणि एक कॅसिनो एवढंच त्या गावाचं वैभव. वडील त्सुफेनहाउझेन इथल्या मोटारींच्या कारखान्यात नोकरीला आले, त्यामुळे मी याच देशात वाढलो आणि इथल्याच पोलिसांत भरती झालो. घरात मराठी टिकली होती. ती नोकरीत कधी कामी येईल असं मात्र वाटलं नव्हतं.

तीनच्या सुमारास एका सहकाऱ्याने माझ्या टेबलावर कागद ठेवला. रेगेन्सबर्ग शहरातल्या पोलिसांनी एक तक्रार आमच्याकडे वर्ग केली होती. नोंद दोनच ओळींची होती: 'पत्नी गोंधळलेली. पडद्यावर दिसणारा माणूस आपला नवरा नसल्याचे सांगते.'

"तुझ्या भाषेतली बाई आहे," सहकारी हसत म्हणाला. "तूच बघ."

मी फोन लावला आणि मराठीत नाव सांगितलं.  पलीकडची बाई रडायलाच लागली. मी तिला रडू दिलं. रडून झाल्यावर माणूस नीट सांगतो, हा माझा अनुभव आहे.

तिचा नवरा रेगेन्सबर्गला इंजिनिअर होता. मित्राबरोबर दोन दिवसांच्या पोकर स्पर्धेसाठी तो आमच्या गावात आला होता. मित्र पहिल्याच दिवशी बाद झाला, हा मात्र टिकून होता. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीनंतर इंटरनेटवरच्या प्रक्षेपणात तो कॅमेऱ्यासमोरच्या टेबलावर दिसला, म्हणून ती चार वर्षांच्या मुलीला मांडीवर घेऊन लॅपटॉपसमोर बसली.

"जॅकेट त्याचंच आहे हो. टोपी त्याची, काळा चष्मा त्याचा. पण मुलगी एकदम मागे सरकली. म्हणाली, 'दास इस्ट निष्ट पापा.' हे माझे बाबा नाहीत. मी तिला रागावले. मग मीच नीट बघायला लागले."

"काय दिसलं?"

"त्याला डाव्या कानाने अजिबात ऐकू येत नाही. कुणी डावीकडून बोललं की तो अख्खी मान वळवतो, तेव्हा कुठे त्याला कळतं. हा माणूस डावीकडच्याशी मान न वळवता बोलतोय. सर, माझा नवरा कुठेय?"

तिच्या फोनवर नवऱ्याचे मेसेज मात्र येत होते. 'ठीक आहे. खेळतोय. नंतर बोलतो.' एकच मजकूर तीनदा.

मी जॅकेट चढवलं आणि एका शिपायाला बरोबर घेतलं.

कॅसिनोच्या प्रवेशद्वारात प्रत्येकाचं ओळखपत्र तपासतात. नोंदीप्रमाणे इंजिनिअर आणि त्याचा मित्र सुट्टीत एकत्र बाहेर गेले होते. परत एकच जण आला होता आणि तो मित्र होता. यंत्राच्या हिशेबाने इंजिनिअर इमारतीत नव्हताच. पण बाहेरच्या दालनातल्या मोठ्या पडद्यावर तो आठव्या खुर्चीत बसून पत्ते उचलत होता. खेळाडूंचे पत्ते बाहेरून कुणाला कळू नयेत म्हणून हे प्रक्षेपण अर्धा तास उशिरा दाखवतात. म्हणजे मी बघत होतो ते होऊन गेलेलं होतं.

आत गेलो. शंभरेक माणसं, पण बोलणं जवळपास नाही. डावावर लावायच्या चकत्या एकमेकींवर आपटल्याचा बारीक आवाज तेवढा सगळीकडून येत होता. आठव्या खुर्चीसमोर चकत्यांचे उंच मनोरे उभे होते. मी हळूच त्याच्या डाव्या खांद्यामागे उभा राहिलो आणि कुजबुजल्यासारखं मराठीत म्हणालो, "तुमच्या मुलीचा फोन आहे."

त्याने मान वळवली नाही. पण पत्त्यांवरचा हात जागच्या जागी थांबला.

"येतो," तो म्हणाला. "हा डाव होऊ दे."

त्याने तो डाव खरोखरच पुरा केला आणि जिंकला. मग उठून निमूटपणे माझ्याबरोबर आला.

मागच्या कार्यालयात मी त्याला बसवलं. चष्मा काढायला सांगितला. तिशीतला साधा, सुशिक्षित चेहरा. नाव विचारलं तर त्याने इंजिनिअरचं नाव सांगितलं. जन्मतारीख, पत्ता, मुलीचं नाव, सगळं न अडखळता. खिशातून दोन ओळखपत्रं आणि दोन फोन निघाले. त्यातला एक फोन टेबलावर थरथरू लागला. त्यावर इंजिनिअरच्या बायकोचं नाव झळकत होतं.

"घ्या," मी म्हणालो. "तुमचीच बायको आहे ना?"

तो फोनकडे बघत राहिला. फोन वाजून थांबला, पुन्हा वाजू लागला. मी आवाज चढवला नाही. आवाज चढवला की संशयिताला भांडायला निमित्त मिळतं, शांतता मात्र त्याला सोसत नाही. तिसऱ्यांदा फोन वाजला तेव्हा तो म्हणाला, "तो मेलाय."

पोकर त्यानेच इंजिनिअरला शिकवला होता. सुट्टीत दोघं बागेमागच्या टेकडीवर फिरायला गेले. इंजिनिअर सहज म्हणाला, 'काल तुझी चूक काय झाली सांगू का?' याला ते झोंबलं. बाचाबाची झाली. इंजिनिअर जायला वळला तसं याने मागून जॅकेट खेचलं. जॅकेट हातात आलं आणि तो तोल जाऊन जुन्या दगडाच्या खाणीत पडला.

"हाक मारली. ओ दिली नाही त्याने. मी इथे सांगायलाच आलो होतो. थंडी होती, म्हणून त्याचं जॅकेट अंगात घातलं होतं. खिशात त्याची टोपी, चष्मा, खुर्चीच्या नंबराची चिठ्ठी. खेळाच्या दालनाच्या दारातल्या बाईने नंबर बघितला आणि म्हणाली, 'श्नेल, बिटं! लवकर चला, तुमचं टेबल बदललंय.' ती मला घेऊन गेली. मी बसलो."

"आणि उठला नाहीत."

"पत्ते चांगले येत होते," तो म्हणाला. मग पुढे, "मी खेळत होतो तोवर तो होता ना, सर. सगळे मला त्याच्याच नावाने बोलावत होते. मी उठलो असतो तर तो मेला असता."

 पण माझ्या कानांनी दुसरंच काहीतरी टिपलं होतं.

"तुम्ही खाली उतरून नाडी बघितलीत?"

"नाही."

त्या एका 'नाही'वर मी खुर्चीवरून उठलो.

अग्निशमन दलाची गाडी आणि श्वानपथक वीस मिनिटांत टेकडीवर आलं. धुक्यात चार पावलांपलीकडचं दिसत नव्हतं. आम्ही हाका मारत होतो. उत्तर नाही. मग कुत्रा एकाएकी थबकला. खालून दगडावर दगड आपटल्याचा आवाज येत होता. तीन ठोके, शांतता, पुन्हा तीन.

इंजिनिअर नुसत्या शर्टावर पडून होता. मांडीचं हाड मोडलेलं, ओठ निळे. नंतर त्याने सांगितलं की हाका ऐकू येत होत्या, पण एकाच कानाने ऐकणाऱ्याला आवाज कुठून येतोय ते कळत नाही. उलटं ओरडायची ताकद उरली नव्हती. आणखी तासभर गेला असता तर तो हाती लागला नसता, असं डॉक्टर म्हणाले. मी रेगेन्सबर्गला फोन केला. "जिवंत आहे," एवढंच बोललो.

नंतर त्या टेबलावरच्या सगळ्यांचे जबाब घेतले. कुणालाही काही वावगं दिसलं नव्हतं. दारातली बाई म्हणाली, "दोघंही भारतीय होते." मलाही या देशात दुसरंच कुणीतरी समजून लोकांनी माझ्याशी हात मिळवले आहेत, त्यामुळे मी तिच्यावर चिडलो नाही.

दुसऱ्या दिवशी मी आरोपीचा लेखी जबाब सहीसाठी त्याच्यापुढे ठेवला. इंजिनिअर वाचल्याचं त्याला कळलं होतं, तो ढसाढसा रडलाही होता. त्याने सगळी पानं वाचली, एक शब्द दुरुस्त केला आणि सही केली. सही इंजिनिअरच्या नावाची होती. मी कागद वळवून दाखवला.  त्याचा चेहरा पांढराफटक पडला. पुढे जखमी माणसाला तसंच सोडल्याबद्दल त्याला शिक्षा झाली, ती योग्यच होती, याबद्दल मला शंका नाही. ती सही चुकून झाली की ते नाटक होतं, हे मात्र आजही मी ठामपणे सांगू शकत नाही.

गुन्हा करून घाबरलेला माणूस पळतो, असं आम्हाला प्रशिक्षणात शिकवलं होतं. ते बहुतेक वेळा खरं ठरतं. पण काही माणसं पळत नाहीत. समोर जी जागा रिकामी दिसते तिथे जाऊन बसतात आणि आजूबाजूचे लोक त्यांना बसू देतात. म्हणून त्यानंतर कुठल्याही तपासाला गेलो की कोण गायब आहे हे तर मी विचारायचोच, पण जे हजर आहेत ते तेच आहेत ना, हे आधी एकेकाजवळ जाऊन बघायचो.