फक्त टोकं

आमच्या दादाने केस वाढवायचे ठरवले तेव्हा तो पंचेचाळिशीला आला होता आणि टाळूवर विरळ व्हायला लागलं होतं. "हे काय नवीन खूळ?" मी विचारलं. "खूळ नाही," तो म्हणाला. "लहानपणापासून मनात आहे. आता नाही वाढवले तर पुढे वाढवायला काही उरणार नाही." डोकं त्याचं होतं आणि म्हणणंही खरं होतं.

दादा फोटोंच्या फ्रेम करणाऱ्या दुकानात कामाला आहे. काच कापावी तर त्याने. पट्टी ठेवतो, एकदाच रेघ ओढतो, हलकेच दाबतो, की तुकडा अलगद वेगळा होतो. मालकसुद्धा त्याच्या मापावर पुन्हा पट्टी लावत नाहीत. पण त्याचं स्वतःचं डोकं जन्मापासून त्याच्या ताब्यात नव्हतं. ते अण्णांच्या ताब्यात होतं.

अण्णा म्हणजे आमचे वडील. त्यांनी जन्मभर सलून चालवलं आणि दादाचं डोकं म्हणजे त्या सलूनची चालतीबोलती पाटी होती. मान साफ, कान मोकळे, भांग सरळ. शाळेत पोरं चिडवायची, कॉलेजात मित्रांच्या झुलपांकडे तो आशाळभूतपणे बघायचा, पण रविवार आला की अण्णा नुसती मान हलवायचे आणि हा निमूटपणे खुर्चीत जाऊन बसायचा. "सलूनवाल्याच्या पोराचे केस वाढलेले दिसले तर लोक माझ्याकडे कशाला येतील?" एवढं एकच वाक्य, त्यावर अपील नाही. गिऱ्हाइकांशी मात्र हाच माणूस अगदी वेगळा. गिऱ्हाईक बोटाने दाखवेल तेवढंच कापणार. एखाद्याला अर्धीच मिशी ठेवायची असती, तर अण्णांनी त्याची अर्धी मिशी छान कोरून दिली असती.

पुढे अण्णा विसरायला लागले. आधी चष्मा, मग किल्ल्या, मग कोणाची दाढी झाली आणि कोणाची राहिली. दुकान बंद करावं लागलं. तिथली एक खुर्ची आणि मोठा आरसा दादाने घरी आणून मागच्या खोलीत खिडकीपाशी लावला. हात शाबूत होते. कात्री धरली की अण्णा पूर्वीचेच अण्णा. फक्त कापायला आता एकच डोकं उरलं होतं, आणि नेमकं तेच डोकं केस वाढवायला निघालं होतं.

मला वाटायचं, केस वाढवायचे म्हणजे नुसते सोडून द्यायचे. तसं नसतं. मानेवरचे भराभर वाढतात, पुढचे रेंगाळतात, आणि मधल्या काळात माणूस केरसुणीसारखा दिसतो. म्हणून अधूनमधून मागची टोकं कापायची आणि पुढच्यांची वाट बघायची. दादा खुर्चीत बसायचा आणि सांगायचा, "अण्णा, फक्त टोकं." अण्णा म्हणायचे, "हो हो, फक्त टोकं." मग डावीकडे जरा जास्त झालं म्हणून उजवीकडे, उजवीकडे झालं म्हणून मागे, असं करत करत कान मोकळे आणि मान साफ. खाली फरशीवर दादाची दोन-तीन महिन्यांची मेहनत पडलेली असायची. अण्णा मागे सरकून समाधानाने बघायचे आणि म्हणायचे, "आता कसा माणसात आलास, झिपऱ्या."

एकदा दादा गुपचूप दुसऱ्या सलूनमध्ये जाऊन टोकं कापून आला. अण्णांनी मागून नुसता हात फिरवला. "हे कोणाच्या हातचं?" त्यांनी विचारलं आणि त्या रात्री ताटावर बसले नाहीत. वहिनीने विनवलं, मी विनवलं, काही उपयोग झाला नाही. तेव्हापासून दादाने बाहेर जाणं सोडलं.

माझा स्वभाव तापट आहे. मी दादाला म्हटलं, "स्पष्ट सांगून टाक की. एवढा घोडा झालास आणि स्वतःच्या केसांचं सांगता येत नाही?"

"काय सांगू? माझं नाव त्यांना आठवत नाही," दादा म्हणाला. "मध्ये दोन वेळा मला मामा समजले. पण डोक्याला हात लावला की ओळखतात. लगेच झिपऱ्या म्हणतात."

मला तर ते केव्हापासून 'बाई' म्हणत होते.

मग अण्णा न्हाणीघरात पाय घसरून पडले आणि उजवं मनगट मोडलं. प्लास्टर आलं, ते निघालं तरी बोटं आखडलेली राहिली, मग वर्षभर रोज गरम पाण्यात हात बुडवून व्यायाम. या सगळ्या धावपळीत दादाच्या केसांकडे बघायला कोणाला सवड नव्हती, आणि ते वाढले. कान झाकले, मान झाकली, खांद्याला टेकले. काच कापताना तो पार्सलचं रबर लावून ते मागे बांधायचा. मी चिडवलं, "वेणी घालून देऊ का?" तर लाजला. खरं सांगते, शोभत होते त्याला. पहिल्यांदाच तो कोणाची तरी पाटी वाटत नव्हता.

अण्णांचा हात सुधारला. ते पुन्हा खुर्ची पुसायला लागले, कंगवे धुऊन ठेवायला लागले. एका रविवारी मी दादाकडे गेले होते. दादाच्या केसांना फाटे फुटले होते. तो म्हणाला, "बसतो आज. जे व्हायचं ते होऊ दे." रबर काढून तो खुर्चीत बसला. अण्णांनी कापड झटकलं, त्याच्या गळ्याभोवती बांधलं आणि दोन्ही हात त्याच्या केसांतून फिरवले. मी त्यांच्या तोंडून 'झिपऱ्या' ऐकायची वाट बघत होते.

"किती ठेवायचे साहेब?" अण्णांनी विचारलं.

दादा हसला. त्याला गंमत वाटली. मग त्याने आरशात अण्णांचा चेहरा पाहिला आणि त्याचं हसू गेलं.

"फक्त टोकं," तो कसाबसा म्हणाला.

"दाखवा बोटाने."

दादाने बोटाने दाखवलं. आणि अण्णांनी तेवढंच कापलं. पाणी मारून, बट बट वेगळी करून, बोटांच्या चिमटीत धरून. डावी बाजू, उजवी बाजू, मागचं, सगळं एका रेषेत. एक कात्री जास्त नाही. दादा आयुष्यभर जे मागत होता ते त्याला मिळत होतं आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं. मी दारात उभी होते. मला अण्णांच्या हातातली कात्री हिसकावून घ्यावीशी वाटत होती, पण घेऊन करणार काय?

"केस गेले का डोळ्यांत?" अण्णांनी विचारलं आणि मऊ ब्रशने त्याचा चेहरा झटकला. मग मागे छोटा आरसा धरला. "बघून घ्या."

"बरोबर आहे," दादा म्हणाला.

"मुलाचेही करायचेत आज माझ्या. रविवार ना. येईलच तो एवढ्यात."

दादा उठला, चपला पायात अडकवल्या आणि निघाला. मी मागे धावले तर म्हणाला, "तू बस त्यांच्याजवळ." चौकातल्या सलूनमध्ये जाऊन त्याने वाढवलेले सगळे केस कापून टाकले. मान साफ, कान मोकळे, भांग सरळ. तिथल्या कारागिराने म्हणे दोनदा विचारलं, नक्की का?

तो परत आला तेव्हा अण्णा दाराकडे तोंड करून बसले होते. दादा खुर्चीत बसला आणि त्याने डोकं खाली केलं. त्याची मान इतकी पांढरी दिसत होती की मला बघवेना. अण्णा उठले. त्यांनी हात ठेवला, मागून पुढे फिरवला, कानामागे अंगठ्याने चाचपलं. फार सावकाश.

"तुमचे तर आत्ताच झालेत," अण्णा म्हणाले. "कुठे कापता?"

"वडील कापतात," दादा म्हणाला.

"हात चांगला आहे त्यांचा." अण्णांनी कापडाची घडी घातली आणि पुन्हा दाराकडे बघितलं. "माझा मुलगा आला नाही अजून. खुर्ची त्याच्यासाठी ठेवली आहे."

दादा खुर्चीतून उठला आणि बाजूच्या स्टुलावर बसला. "मी इथे थांबलो तर चालेल?" त्याने विचारलं.

"थांबा की," अण्णा म्हणाले. "तेवढीच सोबत."