उजाड डोंगराचा हिरवा फोटो

वन समितीत मला घेतलं ते माझ्या अकलेसाठी नव्हे. समितीत बायका असल्याच पाहिजेत असा नियम आहे, आणि भर सकाळी सभेला येऊ शकेल अशी बाई म्हणून मी सापडले. बाकीच्या त्या वेळी कंपन्यांच्या कँटीनमध्ये पोळ्या लाटत असतात.

चाकणच्या कारखान्यांच्या पाठीला आमचं गाव आणि गावाच्या पाठीला वनखात्याचा डोंगर. मी सून म्हणून आले तेव्हा तो पार बोडका होता. पुढे जमिनी कंपन्यांसाठी गेल्या, मग गुरं गेली, शेरडं गेली, घरोघरी गॅस आला आणि डोंगराकडे बघायला कुणाला फुरसत उरली नाही. तेवढ्यावर तो सुधारला. करवंदाच्या जाळ्या झाल्या, धावडा वर आला, गवत कमरेला लागू लागलं. वर जाणाऱ्या एकट्या माझ्या थोरल्या जाऊबाई. गावातल्या शेवटच्या दोन गायी त्यांच्या. रोज एक भारा गवत कापून डोक्यावरून आणायच्या. दीर गेल्यापासून त्यांचं बोलणंचालणं काय ते त्या गायींशीच.

मग जीआर आला. जमीन वनखात्याची, पैसा कंपनीचा, मेहनत गावाची. तिघांनी मिळून जंगल पुन्हा उभं करायचं. एकच अट होती, जमीन उजाड पाहिजे. सभेत वनखात्याच्या गार्डसाहेबांनी ती वाचली, तसे सगळ्यांनी खिडकीतून डोंगराकडे पाहिलं आणि सगळ्यांचे चेहरे पडले. गावाला डोंगराचा इतका राग कधी आला नसेल.

समितीच्या अध्यक्षांचा जेसीबी कामाविना दारात उभा होता. ते म्हणाले, "थांबा की राव. वैशाखात फोटू काढू. उन्हाळ्यात कुठलाबी डोंगर उजाडच दिसतोय."

सभेला कंपनीचे साहेब आले होते. तरुण, नम्र, घोटाघोटाने पाणी पिणारे. मी त्यांना विचारलं, "कुंपण घातल्यावर आमच्या जाऊबाईंनी गवत कुठून आणायचं?" त्यांनी "व्हॅलिड पॉइंट आहे" म्हणत मनापासून मान डोलावली. इतिवृत्तात ते 'महिला सदस्यांनी उत्साहाने सहभाग घेतला' असं उतरलं.

वैशाखात फोटो निघाले. धावड्याची पानं झडलेली, गवत वाळून गेलेलं, करवंदाच्या जाळ्या चुकवल्या की सगळ्या डोंगरावर काड्याच काड्या. अगदी अटीत बसेल असा उजाड. मंजुरी मात्र रमतगमत आली, गणपती गेल्यावर. रोपांचा ट्रक, साहेब, गार्डसाहेब आणि फोटोग्राफर पायथ्याशी येऊन उभे राहिले आणि समोर सगळा डोंगर गच्च हिरवा. खड्डा राहू द्या, पाऊल टाकायला जागा नाही. साहेबांनी मोबाइलमधला वैशाख पाहिला, मग डोंगर पाहिला, पुन्हा मोबाइल पाहिला. मला खरं सांगायचं तर फार बरं वाटलं. आता ही मंडळी आल्या पावली परत जाणार, असं मला वाटलं.

"एका पावसाळ्यात एवढं?" साहेब म्हणाले.

"गावाचा सहभाग हाय ना, साहेब," अध्यक्ष लगेच म्हणाले.

गार्डसाहेबांनी बुटाच्या नाडीत लक्ष घातलं. साहेब मात्र खूश झाले. फोटोग्राफरने चहूबाजूंनी फोटो काढले.

रोपं लावायची राहिली, ती गावात वाटली. माझ्या दारातही एक कांचन आहे. खड्ड्यांचा पैसा संरक्षणाकडे वळवला. अध्यक्षांच्या जेसीबीने डोंगराभोवती चर मारला, चराच्या आत तारेची जाळी, जाळीला फाटक, फाटकाला कुलूप. उद्घाटनाला माझाही नारळ देऊन सत्कार झाला. तो घरी आल्यावर मी इतक्या जोरात फोडला की खोबरं ओसरीभर उडालं.

दुसऱ्या दिवशी जाऊबाई विळा घेऊन नेहमीप्रमाणे निघाल्या. मला राहवेना, म्हणून मीही मागोमाग गेले. फाटकाशी भला मोठा फलक होता. एका बाजूला 'पूर्वी' म्हणून वैशाखातला डोंगर, दुसऱ्या बाजूला 'आता' म्हणून हिरवा. खाली लाल अक्षरात, आत जाण्यास, गुरे चारण्यास व गवत कापण्यास सक्त मनाई.

मी ते त्यांना वाचून दाखवलं. त्यांचं लक्ष हिरव्या फोटोकडे होतं.

"ही कोण गं?"

हिरव्या डोंगराच्या पाऊलवाटेवरून एक बाई डोक्यावर भारा घेऊन उतरत होती. लुगडं त्यांचंच, चालही त्यांचीच.

"तुम्हीच की."

त्यांनी फोटोतल्या भाऱ्यावर बोट टेकवलं. मग त्यांनी विळा पदरात गुंडाळला.

"फोटूत चालतंय व्हय गवात कापल्यालं?"

त्याच शनिवारी त्यांच्या गायी चाकणच्या बाजाराला गेल्या. फलकावर मात्र जाऊबाई अजून भारा घेऊन गोठ्याकडे निघालेल्या आहेत.