दामाजीने शिवलेला पट्टा

खाडीत मासे होते तोवर बाळकुमच्या दामाजीच्या घरी होडी होती. मासे गेले, मग होडी गेली, आणि बापाने शिकवलेल्या गाठी तेवढ्या हातात उरल्या. नुसत्या गाठींवर पोट भरत नाही असं लोक म्हणायचे. दामाजीने भरलं. आधी गावातले नारळ उतरवले, मग गावाच्या जागी टॉवर उभे राहिले तेव्हा त्या टॉवरांच्या कंपाउंडमधली झाडं छाटली. कमरेला दोर, पाठीला कोयता. तीस वर्षांत तो एकदाही पडला नाही. हे तो स्वतः कधी सांगायचा नाही. दुसरं कोणी सांगायला लागलं की मात्र कान देऊन ऐकायचा.

झाड छाटायचं म्हणजे वर चढून फांद्या तोडायच्या, असं सोसायटीवाल्यांना वाटतं. वाटू द्या. खाली गाड्या असतात. तीनदा सांगितलं तरी एक गाडी राहतेच, आणि तिचा मालक नेमका त्याच दिवशी गावाला गेलेला असतो. बाजूने विजेची तार. फांदी हवी तिथेच उतरावी म्हणून आधी तिला दोर बांधायचा, तो वरच्या बेचक्यातून फिरवून खालच्या माणसाच्या हातात द्यायचा, आणि मग कापायला घ्यायची. खालच्या माणसाचं लक्ष उडालं तर वरच्याचा कपाळमोक्ष ठरलेला. दामाजीचे गुडघे कुरकुरायला लागल्यापासून खाली तो आणि वर त्याचा भाचा दिपेश, अशी वाटणी झाली होती. दिपेश म्हणजे त्याच्या विधवा बहिणीचा, जनीचा एकुलता एक. एकोणतीस वर्षांचा, अंगाने सडपातळ, बोलायला कमी. फांदीवर पाय ठेवण्याआधी ती टाचेने दोनदा दाबून बघायची, ही मामाची सवय त्याने जशीच्या तशी उचलली होती.

काम सिद्धेशचं असायचं. हा डोंबिवलीचा कंत्राटदार. बाळकुम, शहाड, टिटवाळा, डोंबिवली अशा चार ठिकाणी त्याची माणसं एकाच वेळी झाडांवर असत. सिद्धेश कोणाला वाकडं बोलायचा नाही, हीच त्याची खुबी. कोयते जाऊन चेन सॉ आल्या त्याही त्यानेच आणल्या. कोयता दोराला लागला तर एखादा पीळ तुटायचा आणि माणूस सावध व्हायचा. मशीनचा नुसता स्पर्श झाला तरी दोर संपला. म्हणून मशीन चालवणाऱ्याला सेफ्टी बेल्ट पाहिजे. त्याच्या अडकवायच्या दोरीत आत पोलादी तार असते. हे सिद्धेशला पक्कं ठाऊक होतं. त्याने पट्टा घेतला होता. चार ठिकाणांना मिळून एक.

तो पट्टा काम करायला नव्हताच, फोटो काढायला होता. कामाआधी चढणाऱ्याचा पट्टा लावलेला फोटो पाठवायचा असा नियम. फोटोखाली ठिकाण आणि वेळ आपोआप छापून यायची. सुपरवायझर टेम्पोतून पट्टा आणायचा, दिपेशला घालायचा, फोटो काढायचा, पट्टा उतरवून टेम्पोत टाकायचा आणि पुढच्या ठिकाणी निघायचा. दिपेश मामाचा दोर कमरेला बांधून वर. सगळ्यांना हे दिसत होतं. दामाजीलाही दिसत होतं, आणि त्याने कधी चकार शब्द काढला नव्हता. खरं सांगायचं तर आपल्या दोरावर त्याचा जरा जास्तच विश्वास होता.

दोन वर्षांपूर्वी त्या पट्ट्याची खांद्यावरची पट्टी टेम्पोत मशीनच्या साखळीत अडकून फाटली. आता नवा घ्यावा लागेल, असं सुपरवायझर म्हणाला. सिद्धेशचा चेहरा पडला. तेव्हा दामाजी मध्येच बोलला, "फेकताव कशाला? आना इकडं."

घरी माळ्यावर बापाची जाळी विणायची सुई होती. निळा नायलॉनचा दोरा घेऊन त्याने दोन संध्याकाळी बसून पट्टी शिवली, जाळ्याला घालतात तशा गाठी एकाला एक लावून. सिद्धेशने ओढून बघितली, पुन्हा ओढून बघितली आणि त्याच्या पाठीवर थाप मारली. "मामा, बाजारातला नवा पट्टा याच्यापुढे झक मारेल!" दामाजी त्या दिवशी खुशीत घरी गेला. त्याच्या हाताचं कौतुक करणारं आता राहिलं होतं कोण?

यंदाच्या मे महिन्यात, बाळकुमच्याच एका कॉम्प्लेक्समध्ये, अर्ध्या वाळलेल्या रेन ट्रीवर दिपेश चढला. फोटो झाला, पट्टा गेला. सव्वादहाच्या सुमाराला फांदीत आतून सुकलेली गाठ लागली, मशीन उसळलं आणि साखळी दोराला लागली. दामाजी खाली फांदीचा दोर धरून उभा होता. ज्या दोराला भाचा बांधला होता तो त्याच्या हातात नव्हताच. दिपेश तीन मजल्यांच्या उंचीवरून फुटपाथच्या कडेवर पाठीवर पडला. जीव वाचला. कमरेखाली जाणीव उरली नाही.

सिद्धेश हॉस्पिटलात आला, डोळ्यांत पाणी आणून गेला, आणि दुसऱ्या दिवशी त्याने कामगार खात्याला लिहून दिलं: पट्टा दिला होता, फोटो सोबत जोडला आहे, कामगाराने तो स्वतःच्या मर्जीने काढून ठेवला.

कागदावर आलं म्हटल्यावर लोकांच्याही तोंडात तेच आलं. आजकालची पोरं, ऐकतात कुठे. गावातल्या बाया जनीला भेटायला येत आणि जाता जाता हेच बोलून जात. जनीने भावाला समोर बसवलं.

"दादा, पोराचे पाय येनार नाय, ते मना समजतंय. पन त्याची चूक नव्हती, येवढं कागदावर आन. मना दुसरा काय नको."

"आनतो," दामाजी म्हणाला.

खात्याच्या चौकशीला एक बाई बसल्या होत्या, दीप्ती मॅडम. त्यांनी दामाजीला खुर्ची दिली, पाणी दिलं, नीट ऐकून घेतलं. पट्टा एकच होता, हे त्याने सांगितलं. सिद्धेश शांतपणे म्हणाला, "मॅडम, प्रत्येक साइटला वेगळा पट्टा आहे," आणि फोटोंची फाइल पुढे सरकवली.

दामाजीने पानं उलटली. बाळकुम. टिटवाळा. डोंबिवली. आणि त्याचा हात थांबला. प्रत्येक फोटोत, चढणाऱ्याच्या डाव्या खांद्यावर, निळी शिलाई. त्याची स्वतःची.

"मॅडम, ही बघा. ही शिलाई माझ्या हातची हाय. हा सगळा एकच पट्टा हाय."

बाईंनी चष्मा सरळ केला. अपघाताच्या दिवसाचे फोटो शोधले. बाळकुम, आठ चाळीस. शहाड, दहा पाच. दोन्हीकडे खांद्यावर निळी शिलाई. "म्हणजे दिपेश पडला तेव्हा हा पट्टा शहाडला होता," त्या हळूच म्हणाल्या आणि लिहून घेतलं. सिद्धेशच्या तोंडचं पाणी पळालं. तीस वर्षांत दामाजीने कोणासमोर मान इतकी ताठ केली नव्हती. घरी जाऊन त्याने जनीला सगळं तीनदा सांगितलं. जनीने त्या दिवशी पहिल्यांदा पोटभर जेवण केलं.

दीड महिन्याने पत्र आलं. दामाजी सातवी शिकलेला. दिपेशच्या खाटेजवळ बसून त्याने ते मोठ्याने वाचायला घेतलं. पहिलंच वाक्य असं, की श्री. दिपेश यांचा कोणताही दोष दिसून येत नाही. जनीने तोंडाला पदर लावला. "वाच, वाच पुढं," ती म्हणाली.

पुढे लिहिलं होतं, की कंत्राटदाराने पट्टा पुरवला होता. श्री. दामाजी यांनी तो कोणाची परवानगी न घेता घरी नेऊन शिवल्याची कबुली स्वतः दिली आहे. अशा दुरुस्तीमुळे पट्टा असुरक्षित झाल्याने कंत्राटदाराने त्या दिवशी तो कामावरून मागे घेतला. त्यानंतर श्री. दामाजी यांनी कामगारास स्वतःच्या मालकीचा दोर बांधून वर चढवले. सबब अपघातास श्री. दामाजी जबाबदार आहेत.

असुरक्षित पट्टा मागे घेतला, तर तोच पट्टा दीड तासाने शहाडच्या माणसाच्या अंगावर कसा गेला, हे कोणीच विचारलं नव्हतं. असल्या कागदांत जे विचारायचं नसतं ते फार सफाईने वगळलेलं असतं. दामाजीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्याने एकही शब्द न गाळता शेवटपर्यंत वाचलं. गाळता आलं असतं, जनीला वाचता येत नव्हतं.

"खोटा हाय सगला," दिपेश भिंतीकडे बघत म्हणाला. "मामा, तू मनाला लावून घेव नको."

जनी मुलाच्या पायांना तेल चोळत होती. त्या पायांना ते समजत नव्हतं, तरी ती रोज चोळायची. तिचे हात थांबले.

"पट्टा तूच शिवला व्हतास ना, दादा?"

"मीच."

"कोनी सांगितला व्हता?"

"कोनी नाय."

तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर दामाजीला सोसवला असता.

"तू शिवला नसतास," ती म्हणाली, "तं त्याला नवा घ्यावा लागला असता."

आणि तिने पुन्हा तेलाची वाटी जवळ ओढली.