पाहुण्यांच्या हातातला फोन

मला फिट येते. रोज वेळेवर गोळी घेतली की येत नाही, पण गोळी घ्यायची मी विसरते. म्हणून फोनमध्ये एक ॲप ठेवलंय. संध्याकाळी मी घरी असले की त्याला आपोआप कळतं आणि गोळीचं नाव दाखवत 'गोळी घ्या' म्हणून ते मागंच लागतं. मी बाजारात किंवा एसटीत असले तर गप्प राहतं, इतकं शहाणं. पण मी कुठं आहे हे त्याला कळतं, कुणासमोर आहे ते कळत नाही.

धाकट्या बहिणीला बघायला गडहिंग्लजचे पाहुणे येणार होते, त्या दुपारी आईनं नेमकं हेच धरलं. आमच्याकडे पाहुणे बसले की फोन ज्याचा त्याच्याकडे राहत नाही; फोटो बघता बघता हॉलभर फिरून येतो. बहिणीचे सगळे फोटो माझ्याच फोनमध्ये. मुलाच्या आईच्या हातात फोन असताना वर गोळीचं नाव झळकलं तर? थोरलीला फिट येते म्हटल्यावर धाकटीला कोण करून घेणार? आई हे सरळ बोलली नाही, नुसती माझ्याकडे बघत राहिली. मला संताप आला. तरी मी ॲपचं लोकेशन बंद केलं, सूचनाही बंद केल्या. एका दिवसाचा तर प्रश्न, ठेवीन की लक्षात, म्हटलं.

पाहुणे उशिरा आले. चहा झाला, पोहे झाले, उसाच्या गप्पा झाल्या आणि फोन फिरायला लागला. कुणाचं बोट कुठं लागतंय, इकडंच माझा सगळा जीव. त्या धास्तीत गोळीच डोक्यातून गेली. मग डाव्या हाताच्या बोटांना मुंग्या आल्या. माझी फिट अशीच सुरू होते. गोळ्या आतल्या कपाटात आणि वाटेत सगळे पाहुणे बसलेले. उठले आणि मध्येच पडले, तर बहिणीचं लग्न तिथंच मोडलं. मी हात पदराखाली दाबून धरला आणि हसत राहिले.

बहिणीनं ते पाहिलं. साडी सावरत ती उठली, आतून गोळी आणि पाणी घेऊन आली.

"अक्का, आधी गोळी घे," ती म्हणाली. मग पाहुण्यांकडे वळली. "हिला फिट येती. आमी तुमास्नी सांगितलं न्हवतं."

आईनं मान खाली घातली. सगळ्यांच्या देखत मी गोळी गिळली आणि मला रडूच कोसळलं. मुंग्या हळूहळू ओसरत गेल्या. मुलाच्या आईनं माझा फोन पालथा करून टेबलावर ठेवला आणि त्या माझ्याशेजारी येऊन बसल्या.

"फिट आली तर काय करायचं असतंय, ते आमास्नी बी सांगून ठेवा की."

ही गोष्ट आम्ही आजवर घराबाहेर कधी बोललोच नव्हतो, त्यामुळे सुरुवात कुठून करायची ते कुणालाच सुचेना.